वऱ्हाडातील शालेय अवहेलना आणि वसतिगृहांची परंपरा : किशोरवयीन विद्यार्थ्यांच्या ताणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

शाळेत एकाच विद्यार्थ्याला वारंवार हिणवणे, त्याच्या नावावरून, कपड्यांवरून वा बोलण्यावरून टिंगल करणे, त्याला खेळातून आणि डब्याच्या पंगतीतून वगळणे, प्रसंगी मारहाण करणे या वर्तनाकडे दीर्घकाळ पोरखेळ म्हणूनच पाहिले गेले. 'मुले आहेत, भांडतील आणि विसरतील' हा शिक्षकखोलीतील नेहमीचा अभिप्राय होय. या विषयाच्या पद्धतशीर अभ्यासासाठी १९७० चे दशक उजाडावे लागले. स्कँडिनेव्हियात डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने शालेय दांडगाईची तीन लक्षणे सांगितली : ती हेतुपुरस्सर असते, ती पुन्हा पुन्हा घडते आणि छळणारा व छळला जाणारा यांचे बळ विषम असते. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी आपले जीवन संपविल्यानंतर तेथील शासनाने १९८३ मध्ये शाळांसाठी देशव्यापी मोहीम हाती घेतली. पुढे १९८४ मध्ये रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी ताणाला सामोरे जाण्याच्या रीतींचे दोन प्रमुख प्रकार मांडले. एका प्रकारात व्यक्ती ताण निर्माण करणारी परिस्थितीच बदलण्याचा प्रयत्न करते. दुसऱ्यात परिस्थिती तशीच राहते आणि व्यक्ती स्वतःच्या भावनांना आवर घालते.

ही परिभाषा अलीकडची असली तरी तिने दर्शविलेला अनुभव जुना आहे. अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांच्या शैक्षणिक इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले असता एक बाब ठळकपणे पुढे येते. येथे अवहेलना सोसणाऱ्या मुलाला तक्रार करण्याची वाट बहुधा उपलब्धच नव्हती, कारण विषमता दोन मुलांच्या मनगटांत नसून शाळेच्या बैठकव्यवस्थेतच होती. अशा स्थितीत मुलगा शाळेत टिकतो की नाही, हे त्याच्या सहनशक्तीपेक्षाही सायंकाळी तो कोठे परत जातो यावर अवलंबून राहिले. प्रस्तुत निबंधात या 'परतण्याच्या जागे'चा, म्हणजे प्रामुख्याने वऱ्हाडातील वसतिगृहांचा, विचार केला आहे.

बैठक, पाणी आणि नाव

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजी अमलाखाली आला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. या काळात सरकारी शाळा वाढल्या, कापसाच्या व्यापारामुळे अमरावती-अकोल्यासारखी शहरे भरभराटीस आली, इंग्रजी शिक्षणाची ओढ निर्माण झाली. तत्त्वतः सरकारी शाळेचे दार सर्वांना मोकळे होते. प्रत्यक्षात दार आणि वर्ग यांच्यामध्ये एक ओसरी होती, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांचे शिक्षण त्या ओसरीवर झाले. मुंबई इलाख्यात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झालेला बोले ठराव सार्वजनिक पाणवठे, शाळा व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करणारा म्हणून सर्वत्र सांगितला जातो. परंतु वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हता, ही साधी गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. येथील मुलाला त्या ठरावाचा आधार नव्हता.

या अनुभवाची सुस्पष्ट लिखित साक्ष वऱ्हाडाबाहेरची, परंतु वऱ्हाडातील वाचकाला पूर्ण परिचित अशी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणात साताऱ्याच्या शाळेतील दिवस नोंदविले आहेत. वर्गात त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसण्याचे गोणपाट स्वतःचे असे, आणि शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसल्याने ते रोज सायंकाळी घरी न्यावे लागे व दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. नळाला हात लावण्याची मुभा नसल्याने शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच राही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात फळ्यावर गणित सोडविण्यासाठी त्यांना बोलावले असता, फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून मुलांनी ते उचलण्यासाठी धाव घेतल्याचा प्रसंग चरित्रकारांनी दिला आहे.

यातील गोणपाटाचा तपशील विशेष लक्षणीय आहे. अवहेलना शाळेच्या वेळेपुरती राहत नाही. ती गुंडाळून काखेत घेऊन घरी न्यावी लागते. ताणाचे आधुनिक अभ्यासक ज्याला अवहेलनेचा शाळेबाहेरील विस्तार म्हणतील, तो येथे अक्षरशः एका वस्तूच्या रूपात दिसतो. दुसरे असे की, येथे छळणारा कोणी एक दांडगा मुलगा नाही. डबे उचलणारी मुले, नळ न सोडणारा शिपाई, कोपरा नेमून देणारी शाळा हे सर्व मिळून तो छळ पूर्ण होतो. ओल्वेउस यांच्या व्याख्येतील बलविषमता या ठिकाणी व्यक्तीकडून व्यवस्थेकडे सरकते आणि तक्रार कोणाकडे करावी हा प्रश्नच निरर्थक ठरतो.

सोसण्याच्या वाटा

परिस्थिती बदलणे हाती नसलेल्या मुलांनी काय केले? सर्वांत मोठ्या संख्येने त्यांनी शाळा सोडली. हा सर्वाधिक वापरला गेलेला आणि सर्वांत कमी नोंदला गेलेला मार्ग होय. आत्मकथने लिहिली ती टिकून राहिलेल्यांनी. जो चौथीतून गुरे राखायला गेला त्याचे पुस्तक नाही. शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरात 'सतत गैरहजर' असा शेरा पडला की त्यामागचे कारण त्या दोन शब्दांत मिटून जाते. दलित आत्मकथनांच्या आधारे शालेय ताणाचा इतिहास लिहिताना ही मर्यादा सतत ध्यानात ठेवावी लागते, अन्यथा जिद्दीच्या कहाण्यांनाच इतिहास समजण्याची चूक घडते. ही चूक गौरवपर भाषणांत तर हमखास होते.

टिकून राहिलेल्यांमध्ये अभ्यासालाच प्रत्युत्तर बनविण्याची रीत ठळकपणे आढळते. नागपूरच्या कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट' (१९८१) या पुस्तकात आपल्या संस्कृत शिक्षणाची हकिकत सांगितली आहे. ज्या भाषेपासून आपल्याला पिढ्यान्पिढ्या दूर ठेवले गेले तीच शिकण्याचा निर्धार, त्यावर आप्तांपासून परक्यांपर्यंत सर्वांनी दाखविलेले आश्चर्य व कुत्सितपणा, आणि आपुलकीने शिकविणारे गोखले गुरुजी असे या हकिकतीचे तीन धागे आहेत. त्या पुढे संस्कृतच्या प्राध्यापक झाल्या. मुलीच्या बाबतीत हा ताण दुहेरी होता. ओसरीवर बसावे लागण्याआधी घरातून शाळेपर्यंत पोहोचणे हीच लढाई होती, आणि किशोरवय हेच तिचे शिक्षण थांबविण्याचे वय मानले जाई.

गोखले गुरुजींसारखी व्यक्ती या हकिकतींत वारंवार भेटते, हा योगायोग नव्हे. आंबेडकरांच्या बालपणातही ममतेने वागणारे शिक्षक आहेत. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले तेव्हा आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट देणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर आहेत. केळुसकरांची ओळख शाळेत नव्हे, तर चर्नी रोडच्या बागेत झाली होती. शाळा सुटल्यावर तो विद्यार्थी तेथे वाचत बसे. वर्गात कोपरा मिळालेल्या मुलाने शहरात स्वतःसाठी एक बाक शोधला होता, असे म्हणता येईल. मात्र अशी बाग आणि असे केळुसकर प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत. ते सर्वांना मिळावेत अशी तरतूद करावयाची तर तिला संस्थेचे रूप द्यावे लागते. वऱ्हाडात हे कार्य वसतिगृहांनी केले.

वसतिगृह : परतण्याची जागा

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. तिचे काम अकोला व अमरावतीपर्यंत पोहोचले. वऱ्हाडातील गणेश अक्काजी गवई यांच्यासारखे कार्यकर्ते या प्रवाहातून पुढे आले आणि मध्यप्रांताच्या कायदेमंडळापर्यंत गेले. या काळातील वसतिगृहांचा तात्कालिक हेतू व्यावहारिक होता. हायस्कूल शहरात, मुलगा खेड्यात आणि शहरात त्याला भाड्याने खोली कोणी देत नसे. तथापि, राहण्याची सोय होताच दुसरी एक गोष्ट आपोआप घडली. दिवसभर वर्गात एकटा असलेला मुलगा सायंकाळी आपल्यासारख्या पंधरावीस मुलांत येऊन बसू लागला.

या परंपरेतील सर्वांत महत्त्वाचे पाऊल डॉ. पंजाबराव देशमुख यांनी टाकले. २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे शेतकरी कुटुंबात जन्मलेले पंजाबराव एडिंबरो व ऑक्सफर्ड येथील शिक्षण संपवून, वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमविकासावर प्रबंध लिहून, १९२६ मध्ये अमरावतीस परतले. त्याच वर्षाच्या २३ डिसेंबरला दिल्लीत स्वामी श्रद्धानंदांची हत्या झाली. पंजाबरावांनी अमरावतीत काढलेल्या छात्रालयाला त्यांचेच नाव दिले. श्रद्धानंद छात्रालयाचे वैशिष्ट्य असे की, ते कोणा एका जातीचे नव्हते. त्या काळी महाराष्ट्रात जातवार बोर्डिंगांची प्रथा रूढ होती आणि तिचा उपयोगही मोठा होता. एका जातीच्या मुलांना परस्परांचा आधार तेथे निश्चितच मिळे. परंतु जातवार बोर्डिंगातून बाहेर पडलेला मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा तोच एकटा असे. श्रद्धानंद छात्रालयात निरनिराळ्या जातींची मुले एकाच पंगतीत जेवत. त्यामुळे वर्गात ज्याच्यापासून लांब बसविले जाई, त्याच्याच शेजारी पाट मांडून जेवण्याचा प्रसंग रोज येई. अवहेलना सोसणाऱ्याला धीर देणे एवढेच नव्हे, तर अवहेलना करू शकणाऱ्या मुलाची सवय मोडणे हा या रचनेतील अधिक मूलगामी भाग होता. ओल्वेउस यांच्या मोहिमेने पुढे अर्धशतकानंतर ज्या 'पाहणाऱ्या' मुलांवर भर दिला, ती मुले येथे पंगतीत बसली होती.

हे सर्व ज्या शहरात घडत होते त्याच शहरात अंबादेवीच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना बंद होते. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात मंदिरप्रवेशासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. आंबेडकरांनी भूषविले, याच परिषदेच्या वेळी त्यांना बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता समजली. या चळवळीत पंजाबराव सहभागी होते. पुढील वर्षी जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचे पाऊल उचलले. मंदिर, विहीर आणि छात्रालय या तीन गोष्टी इतिहासलेखनात सामान्यतः वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पाहिल्यास त्या एकच आहेत : कोठे शिरता येते, पाणी कोठे पिता येते आणि कोणाबरोबर जेवता येते. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी शिक्षण संस्थेमुळे शाळा-महाविद्यालयांचे जाळे वऱ्हाडभर पसरले आणि बहुजन समाजातील मुलांना आपल्या बोलीत बोलणारे शिक्षक मिळू लागले.

याच भूमीतील संत गाडगेबाबा यांची साक्षही विचारात घ्यावी लागेल. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी लहानपणीच पितृछत्र हरपल्याने मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आजोळी वाढले आणि गुरे राखीत राहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या पुरुषाने कीर्तनातून श्रोत्यांना पोराला शाळेत घाला असे आयुष्यभर बजावले, आणि जमलेला पैसा धर्मशाळा व वसतिगृहांत घातला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. गुरे राखायला गेलेल्या मुलाचे पुस्तक नाही, असे वर म्हटले आहे. गाडगेबाबांच्या धर्मशाळा हे त्याला कदाचित एकमेव उत्तर असावे.

१९५६ नंतर

१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेनंतर वऱ्हाडातील महार समाजाने मोठ्या प्रमाणावर बौद्ध धर्म स्वीकारला. त्याचा शाळेतील परिणाम स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ज्या जातिवाचक शब्दाने मुलाला हाक मारली जाई त्याला नाकारून स्वतःचे नाव स्वतः सांगण्याची शक्ती या घटनेने दिली. लाझारस-फोकमन यांच्या परिभाषेत बोलायचे तर येथे परिस्थितीचा अर्थच बदलला गेला. पण या बदलाची किंमतही होती. दाखल्यावर 'बौद्ध' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळत नव्हत्या. त्या १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. स्वाभिमानाचा रकाना आणि शिष्यवृत्तीचा रकाना यांपैकी एक निवडण्याचा पेच कित्येक कुटुंबांपुढे तीन दशके उभा होता.

वसतिगृहांच्या वाढीबरोबर आणखी एक गोष्ट घडली, जिचा उल्लेख गौरवग्रंथांत क्वचितच आढळतो. आसरा म्हणून निर्माण झालेली जागाच छळाची जागा बनू शकते. ज्येष्ठ विद्यार्थ्यांनी नवागतांना कपडे धुवायला लावणे, रात्री उठवून अपमानास्पद प्रकार करायला लावणे या गोष्टी वसतिगृहजीवनाचा भाग म्हणून हसण्यावारी नेल्या गेल्या. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ या कायद्याने शैक्षणिक संस्थेच्या व्याख्येत वसतिगृहांचाही समावेश केला आणि दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. ही दोन्ही पावले आवश्यक होती. तरीही कायद्याचा आधार घेण्यासाठी मुलाला आधी बोलावे लागते, आणि किशोरवयीन मुलगा नेमके तेच करीत नाही. त्याच्या मौनाला भित्रेपणा समजणे हा मोठ्यांचा अन्याय आहे. तक्रार केल्यावर छळ वाढतो, हे त्याने वर्गात पाहिलेले असते.

बोलीची लाज

जातीच्या तुलनेत सौम्य, परंतु वऱ्हाडात सार्वत्रिक असा अवहेलनेचा आणखी एक प्रकार म्हणजे बोलीवरून चिडवणे. 'मले', 'तुले', 'जाऊन राह्यलो' अशी रूपे तोंडात घेऊन खेड्यातील मुलगा अमरावती किंवा अकोल्याच्या शाळेत येतो तेव्हा पहिल्याच दिवशी वर्ग हसतो. हसणाऱ्यांपैकी अर्ध्या मुलांच्या घरी तीच बोली बोलली जाते, ही यातील गंमत. त्या मुलाने योजलेला उपाय ठरलेला असतो : तो वर्गात बोलायचे थांबतो. उत्तर येत असूनही हात वर करीत नाही. शिक्षक त्याला मठ्ठ समजतात आणि हळूहळू तोही स्वतःला तसे समजू लागतो. डॉ. विठ्ठल वाघ यांच्या वऱ्हाडी कवितेला सभागृहांत मिळालेला प्रतिसाद आणि पुरुषोत्तम बोरकर यांच्या 'मेड इन इंडिया' (१९८७) या कादंबरीचे झालेले स्वागत यांमुळे या बोलीला साहित्यात प्रतिष्ठा मिळाली. विठ्ठल वाघ यांनी अकोल्यात अध्यापन केले. आपल्या शिक्षकाला मंचावर आपल्याच बोलीत कविता म्हणताना ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातून काय लाभले असेल, याची कल्पना करता येते.

शिक्का

ब्रिटिशांनी १८७१ मध्ये केलेला आणि १९११ व १९२४ मध्ये विस्तारलेला गुन्हेगार जमाती कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला. कायदा गेला तरी त्याने मारलेला शिक्का शाळेत टिकून राहिला. वर्गात एखाद्याची पेन्सिल हरवली की फासेपारधी मुलाच्या पिशवीकडे पाहिले जाते. या मुलाचा ताण अन्य मुलांहून वेगळा आहे. त्याला केवळ हिणवले जात नाही, त्याच्यावर संशय घेतला जातो. आणि अभ्यासात पुढे जाऊनही संशयाला उत्तर देता येत नाही. पालांवरची वस्ती, पोलिसांची ये-जा, आईवडिलांची भटकंती यांमुळे सायंकाळी परतण्याची स्थिर जागाही त्याला नसते. शाळा आणि घर या दोन्ही ठिकाणी आधार तुटलेला असा हा विद्यार्थी आहे, आणि म्हणूनच पंजाबरावांच्या काळातील प्रश्न त्याच्या रूपाने पुन्हा समोर उभा राहतो.

फासेपारधी समाजातूनच शिक्षक झालेल्या मतीन भोसले यांनी आपली नोकरी सोडून अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे या मुलांसाठी निवासी शाळा उभी केली. तिचे नाव 'प्रश्नचिन्ह' आश्रमशाळा. येथे चोर म्हणून बोट दाखविणारा वर्ग नाही, कारण सगळा वर्ग त्याच पालांवरून आलेला आहे. सर्व जातींना एकत्र बसविणाऱ्या श्रद्धानंद छात्रालयाच्या कल्पनेपेक्षा ही कल्पना उलट्या दिशेची आहे. शंभर वर्षांनंतरही काही मुलांना आधी आपल्यांतच उभे राहावे लागते, मग इतरांच्या पंगतीत बसता येते, असा याचा अर्थ होतो, आणि तो फारसा समाधानकारक नाही. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामात या शाळेचे ग्रंथालय आणि काही खोल्या पाडण्यात आल्या. त्यानंतरही मुले तेथेच शिकत राहिली.